मोटन हायस्कूलचं प्रकरण: इमारत मिळाली आणि शाळा गेली

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स एडवर्ड नावाची एक काउंटी आहे. तंबाखूची शेती, विखुरलेल्या वस्त्या आणि फार्मव्हिल हे मुख्य गाव. या काउंटीत १९५९ ते १९६४ अशी सलग पाच वर्षं एकही सरकारी शाळा चालली नाही. प्राथमिक नाही, हायस्कूल नाही, काहीच नाही. पूर आला नव्हता, साथ नव्हती, युद्ध नव्हतं. काउंटीच्या बोर्डाने शाळांना पैसे द्यायचे नाहीत असं ठरवलं, बस्स.

हे प्रकरण बहुतेक वेळा सोळा वर्षांच्या एका मुलीने केलेल्या संपाची गोष्ट म्हणून सांगितलं जातं, आणि ती गोष्ट भारी आहेच, पण मला त्यातला जमाखर्च जास्त महत्त्वाचा वाटतो. कोर्टात जे हरले त्यांनी पुढची लढाई बजेटमध्ये लढली आणि तिथे ते बरीच वर्षं जिंकत राहिले. म्हणून आधी तिजोरीची किल्ली कोणाकडे होती ते बघू. तिथे शाळा चालवणारं स्कूल बोर्ड वेगळं, आणि कर लावून पैसे मंजूर करणारं बोर्ड ऑफ सुपरवायझर्स वेगळं. आपल्याकडे झेडपीच्या मास्तरांचा पगार राज्याकडून येतो, त्यामुळे एखाद्या झेडपीच्या मनात आलं तरी सगळ्या शाळांचा पगार ती एका ठरावाने थांबवू शकत नाही. तिथे स्थानिक कराशिवाय शाळा चालणं शक्यच नव्हतं, आणि तो कर द्यायचा की नाही हे निवडून आलेले मोजके लोक ठरवायचे.

आता हायस्कूल. व्हर्जिनियात तेव्हा कायद्यानेच गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. काळ्या मुलांना वरचे वर्ग मिळावेत म्हणून फार्मव्हिलमधल्या काळ्या बायकांच्या एका मंडळाने, मार्था फॉरेस्टर यांच्या पुढाकाराने, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. शेवटी १९३९ साली विटांची एकमजली इमारत उभी राहिली, रॉबर्ट रुसा मोटन हायस्कूल. मोटन हे याच काउंटीत लहानाचे मोठे झालेले, पुढे काळे शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्यानंतर, काळ्यांच्या शिक्षणासाठी काढलेल्या टस्कीगी संस्थेचे प्रमुख झाले. नाव मोठं, इमारत मात्र १८० मुलांपुरती. जिम नाही, कॅफेटेरिया नाही.

दहा-अकरा वर्षांत पट साडेचारशेच्या पुढे गेला. काळ्या पालकांनी स्कूल बोर्डाकडे नव्या इमारतीसाठी चकरा मारल्या, दर वेळी जागा बघतोय, पैसे बघतोय, पुढच्या मीटिंगला या. तात्पुरती सोय म्हणून आवारात लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकून शेड उभ्या केल्या. आत एक शेगडी, तिच्याजवळ बसलं की भाजायचं आणि लांब बसलं की अंगातला कोट काढायची सोय नाही. पाऊस आला की छत गळायचं, काही मुलं वर्गात छत्री उघडून बसायची. एखादा वर्ग उभ्या असलेल्या स्कूल बसमध्ये भरायचा. लोक या शेडना कोंबड्यांची खुराडी म्हणायचे. गोऱ्या मुलांचं फार्मव्हिल हायस्कूल त्याच गावात होतं, तिथे जिम, कॅफेटेरिया सगळं होतं, त्यामुळे तुलना करायला कुणाला लांब जायची गरज नव्हती.

२३ एप्रिल १९५१. मुख्याध्यापक बॉइड जोन्स यांना फोन आला की तुमची काही मुलं गावातल्या बस स्टेशनवर लफड्यात सापडलीत, लगेच या. ते निघाले. मग वर्गावर्गात चिठ्ठ्या गेल्या की हॉलमध्ये जमा, खाली मुख्याध्यापकांच्या पद्धतीने फक्त 'जे' अशी सही. हॉलचा पडदा उघडला तर स्टेजवर बार्बरा जॉन्स, म्हणजे तीच सोळा वर्षांची मुलगी, आणि तिच्याबरोबर संपाची तयारी केलेली मुलं. तिने शिक्षकांना बाहेर जायला सांगितलं, पायातला बूट काढून बाकावर आपटला आणि सांगितलं की नवीन शाळा मिळेपर्यंत वर्गात बसायचं नाही. मुख्याध्यापकांना मुद्दाम लांब ठेवलं होतं, म्हणजे त्यांच्यावर काही शेकणार नाही. तरी त्यांचं कंत्राट पुढे रिन्यू झालं नाहीच.

संप दोन आठवडे चालला, ७ मे पर्यंत. अटक झाली तर काय, याचाही मुलांनी विचार केला होता, उत्तर असं होतं की फार्मव्हिलच्या जेलमध्ये आपण सगळे मावणारच नाही. बार्बरा व्हर्नन जॉन्स यांची पुतणी. हे तेच पाद्री, अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरीच्या ज्या चर्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग नंतर आले तिथले आधीचे. घरातच असं बाळकडू असल्यावर ती गप्प बसणं तसं अवघडच होतं म्हणा.

या संपाची मागणी नीट बघा. चांगली शाळा द्या, एवढीच. गोऱ्यांबरोबर बसवा असं मुलं म्हणत नव्हती. ते वळण वकिलांमुळे आलं. एन-डबल-ए-सी-पी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेला मुलांनी पत्र लिहिलं होतं, तिचे वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन दुसऱ्या कामाला निघालेले, वाटेत फार्मव्हिलला थांबले ते खरं तर मुलांना परत वर्गात जा म्हणून समजवायला. पण मुलांचा जोर बघून त्यांनीच मत बदललं, फक्त एक अट घातली: आता आम्ही 'वेगळी पण समान' इमारत मागणारे खटले घेत नाही, वेगळं ठेवणंच बेकायदा आहे म्हणून लढायचं असेल तर बोला, आणि पालक बरोबर हवेत. फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री फ्रान्सिस ग्रिफिन यांनी गावात बैठका घेतल्या, काही वयस्कर लोकांना हे फार झालं असं वाटत होतं, नोकरी जाईल, गोरा दुकानदार उधारी बंद करेल, आणि ती भीती काही खोटी नव्हती. तरी २३ मे १९५१ ला ११७ विद्यार्थ्यांच्या नावाने केस दाखल झाली. यादीत पहिलं नाव डोरोथी डेव्हिस या नववीतल्या मुलीचं, म्हणून केस डेव्हिस विरुद्ध प्रिन्स एडवर्ड काउंटी स्कूल बोर्ड. बार्बराच्या घरच्यांना तिच्या जिवाची काळजी वाटायला लागली, त्यांनी तिला माँटगोमेरीला काकांकडे पाठवून दिलं. पुढे ती फिलाडेल्फियात लायब्रेरियन झाली, १९९१ मध्ये गेली.

१९५२ मध्ये राज्याची राजधानी रिचमंडमधल्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टात तीन न्यायाधीशांनी निकाल काउंटीच्या बाजूने दिला. वेगळं ठेवण्याने कुठल्याच वंशाचं नुकसान होत नाही, इमारती मात्र सारख्या करा. आणि काउंटीने त्या केल्या! १९५३ मध्ये जिम, कॅफेटेरिया, ऑडिटोरियमसकट नवं मोटन हायस्कूल उघडलं, आठ-नऊ लाख डॉलर खर्चून. ज्या पैशांसाठी पालकांनी वर्षानुवर्षं चपला झिजवल्या ते केस चालू असताना पटकन निघाले. मुलांनी संपात जे मागितलं होतं ते सगळं दोन वर्षांत मिळालं, पण तोपर्यंत प्रश्न इमारतीचा राहिलाच नव्हता. डेव्हिस केस अपिलात वर गेली, इतर ठिकाणच्या अशाच चार केसेसबरोबर ऐकली गेली, आणि १७ मे १९५४ ला ब्राऊन निकाल आला की सरकारी शाळांमधला वंशभेद घटनाबाह्य आहे. ब्राऊन म्हटलं की सगळ्यांना कॅन्ससमधलं टोपेका आठवतं, कारण ब्राऊन हे तिथल्या वादीचं नाव, पण या पाच प्रकरणांमधले सगळ्यात जास्त वादी या एका खेड्यातल्या शाळेचे होते, आणि मुलांनी स्वतः सुरू केलेलं प्रकरणही हेच एक.

इथे बहुतेक जण गोष्ट थांबवतात. खरं प्रकरण इथून पुढे आहे.

१९५५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अंमलबजावणीचा दुसरा निकाल दिला, त्यात तारीख नव्हती, विचारपूर्वक पण वेगाने करा अशा अर्थाचे शब्द होते. ज्याला करायचंच नाही त्याला यातलं विचारपूर्वक तेवढं ऐकू येतं. प्रिन्स एडवर्डच्या सुपरवायझर्सनी एक साधी युक्ती काढली: शाळांचं बजेट वर्षाचं एकदम मंजूर न करता महिन्यामहिन्याने द्यायचं. म्हणजे ज्या दिवशी कोर्ट म्हणेल एकत्र बसवा, त्याच्या पुढच्या महिन्यात नळ बंद. १९५६ मध्ये चार हजारांवर गोऱ्या रहिवाशांनी सह्या करून दिल्या की मिश्र शाळा चालवण्यापेक्षा शाळाच नकोत. गावच्या फार्मव्हिल हेराल्ड पेपरचे संपादक बॅरी वॉल या सगळ्याच्या पुढे होते. हे काही रात्रीच्या अंधारात दगड मारणारे लोक नव्हते हो, वकील, व्यापारी, चर्चमध्ये मानाने बसणारे लोक होते, आणि आपण हिंसा न करता, कायद्यात राहून सगळं करतोय याचा त्यांना अभिमान होता. मला हे प्रकरण त्यामुळेच जास्त घाबरवणारं वाटतं.

राज्याच्या पातळीवर सिनेटर हॅरी बर्ड यांचा मॅसिव्ह रेझिस्टन्स, म्हणजे शाळा एकत्र करायला सगळ्या बाजूंनी विरोध करायचं धोरण, चालू होतं. १९५८ मध्ये गव्हर्नर आल्मंड यांनी नॉरफोक, शार्लट्सव्हिल आणि वॉरन काउंटीतल्या काही शाळा बंद केल्या, पण जानेवारी १९५९ मध्ये राज्याच्या आणि फेडरल अशा दोन्ही कोर्टांनी एकाच दिवशी ते रद्द ठरवलं आणि त्या शाळा उघडल्या. नॉरफोक हे नौदलाचं मोठं शहर, तिथे हजारो गोरी मुलंही घरी बसली होती, त्यामुळे गोऱ्या पालकांचाच दबाव आला. प्रिन्स एडवर्डमध्ये असा दबाव येणार नव्हता, कारण तिथे गोऱ्या मुलांची सोय आधीच ठरलेली होती.

या केसमध्ये डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या न्यायाधीशांनी काउंटीला चक्क १९६५ पर्यंत मुदत दिली होती. वरच्या कोर्टाने मे १९५९ मध्ये ती उडवली आणि सांगितलं, येत्या सप्टेंबरपासून. जूनमध्ये सुपरवायझर्सनी शाळांसाठी कर लावायला नकार दिला. विरोध म्हणून कोणी वर्गाच्या दारात उभं राहिलं नाही, पोलिस नाहीत, सैन्य नाही, फोटो काढण्यासारखं काहीच घडलं नाही. सप्टेंबर आला आणि शाळा उघडल्याच नाहीत. ते नवं कोरं मोटन हायस्कूल सहा वर्षांचं होतं.

गोऱ्या मुलांसाठी खासगी फाउंडेशनने प्रिन्स एडवर्ड अकॅडमी काढली, पहिल्या वर्षी चर्चचे हॉल, थिएटर अशा मिळेल त्या जागेत वर्ग भरवले, साधारण दीड हजार मुलं, सरकारी शाळेतले गोरे शिक्षकच तिकडे गेले. पहिलं वर्ष देणग्यांवर काढलं. दुसऱ्या वर्षी गंमत सुरू झाली. राज्याने खासगी शाळेत जाणाऱ्या मुलाला १२५ ते १५० डॉलर अनुदान ठेवलं, काउंटीने वरून १०० घातले, म्हणजे हायस्कूलच्या पोराला २५० डॉलर. शिवाय काउंटीने ठराव केला की अशा शाळेला देणगी द्याल तर मालमत्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सूट. म्हणजे सरकारी शाळेला द्यायला पैसे नव्हते असं मुळीच नाही, तेच करदात्यांचे पैसे, फक्त मुलाच्या नावाचा चेक करून खासगी शाळेत पोचवले की ते 'सरकारी' राहत नाहीत असा तो हिशेब. अनुदानाच्या नियमात वंशाचा शब्दही नव्हता, कागदावर ते सगळ्या मुलांसाठी खुलं होतं! आणि काळ्या मुलांना घेणारी खासगी शाळा काउंटीत एकही नव्हती. काळ्यांसाठीही अशी एक खासगी शाळा काढून देतो असा प्रस्ताव आला होता, पण तो घेतला असता तर केसच संपली असती, म्हणून काळ्या पालकांनी नाही म्हटलं. हा निर्णय किती जड असेल विचार करा, स्वतःच्या पोराचं वर्ष जातंय हे दिसत असताना. १९६१ मध्ये कोर्टाने सरकारी शाळा बंद असेपर्यंत ही अनुदानं आणि करसूट बंद केली, पण अकॅडमी तोवर पायावर उभी राहिली होती.

आणि मुलं? सुमारे १७०० काळी मुलं, आणि फी न परवडणारी काही गरीब गोरी मुलंही. ज्यांचे नातेवाईक शेजारच्या काउंटीत किंवा उत्तरेत होते त्यांनी मुलं तिकडे पाठवली. क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटीने काही डझन मुलांना दुसऱ्या राज्यांतल्या अनोळखी कुटुंबांत ठेवून शिकवलं. ग्रिफिन यांच्या ओळखीतून नॉर्थ कॅरोलायनाच्या किट्रेल कॉलेजने हायस्कूलच्या शेवटाला आलेल्या साठेक मुलांना घेतलं. बाकीच्यांसाठी चर्चच्या तळघरात शिकवणीसारखे वर्ग, तेही सलग नाहीत. बरीच मुलं तंबाखूच्या शेतात लागली. आठवीत थांबलेला पोरगा पाच वर्षांनी काही नववीत जाऊन बसत नाही, तोवर त्याच्यावर घर अवलंबून असतं. आणि जे १९५९ मध्ये पहिलीत जाणार होते त्यातले काही दहा-अकरा वर्षांचे होईपर्यंत अक्षर ओळखत नव्हते. केस लांबवण्याचा खर्च दोन्ही बाजूंना सारखा नसतो, काउंटीला पाच वर्षांत फक्त वकिलांची बिलं आली.

१९६३ मध्ये रॉबर्ट केनेडी, तेव्हाचे अॅटर्नी जनरल, एका भाषणात म्हणाले की मोफत सरकारी शिक्षण न देणाऱ्या जगातल्या मोजक्या ठिकाणांत कम्युनिस्ट चीन, उत्तर व्हिएतनाम वगैरेंबरोबर व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीचं नाव घ्यावं लागतं. शीतयुद्धाच्या काळात हे झोंबणारंच होतं. त्या उन्हाळ्यात फार्मव्हिलच्या रस्त्यावर पोरांनी निदर्शनं केली, आणि सप्टेंबरमध्ये केनेडी सरकारच्या पाठबळाने, पण खासगी देणग्यांवर, फ्री स्कूल सुरू झाली. काउंटीच्याच बंद पडलेल्या इमारती वापरायला घेतल्या, न्यूयॉर्क राज्यातून नील सलिव्हन नावाचे सुपरिंटेंडेंट आले, ट्रस्टी मंडळात काळे-गोरे दोन्ही, अध्यक्ष माजी गव्हर्नर डार्डन. दीड हजारांवर मुलं आली, त्यात गोरी अगदी बोटावर मोजण्याइतकी. इयत्ता लावून उपयोगच नव्हता, त्यामुळे वय न बघता मुलाला काय येतं ते बघून गट केले. एका वर्षासाठीच होती ती शाळा, पण माझ्या मते या सगळ्या प्रकरणात शिक्षण म्हणून काही डोकं चालवलं असेल तर ते इथेच.

२५ मे १९६४ ला सुप्रीम कोर्टाचा ग्रिफिन निकाल आला. केसला नाव पाद्री ग्रिफिन यांच्या मुलांवरून. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिलं की विचारपूर्वक वेगाची मुदत आता संपली, आणि राज्यात बाकी सगळीकडे सरकारी शाळा चालू असताना फक्त या काउंटीत, तेही काळ्या-गोऱ्यांना एकत्र बसवायला नको म्हणून शाळा बंद ठेवणं म्हणजे घटनेने दिलेलं कायद्याचं समान संरक्षण नाकारणं आहे. त्याही पुढे जाऊन, गरज पडली तर डिस्ट्रिक्ट कोर्ट सुपरवायझर्सना कर लावायला सांगू शकतं. दोन न्यायमूर्तींना फेडरल कोर्टाने शाळा उघडायला लावणं पटलं नाही, पण बाकी सातांना पटलं. माझ्यासाठी हा निकाल ब्राऊनपेक्षा धारदार आहे, कारण ब्राऊनने तत्त्व सांगितलं आणि याने थेट तिजोरीत हात घातला.

सुपरवायझर्सचा पुढचा डाव बघा. शाळा उघडायला त्यांनी १,८९,००० डॉलर ठेवले आणि त्याच वेळी खासगी शाळेच्या अनुदानासाठी ३,७५,०००. कोर्टात यावर वाद पोचणार हे दिसल्यावर ऑगस्टमधल्या एका रात्री बैठक घेऊन गोऱ्या पालकांना अनुदानाचे चेक वाटून टाकले, सकाळी कोर्टाने काही म्हणायच्या आत. १९६६ मध्ये हा कोर्टाचा अवमान ठरला आणि पैसे परत भरायला लावले.

सप्टेंबर १९६४ मध्ये शाळा उघडल्या, एकत्र शाळा, पण येणारी मुलं जवळपास सगळी काळी. नव्या मोटनचं पुढे प्रिन्स एडवर्ड काउंटी हायस्कूल झालं. गोरी मुलं परत यायला अनेक वर्षं लागली, आणि ती आली ती मतपरिवर्तनापेक्षा फी वाढल्यामुळे आणि सरकारी शाळा चांगली चालायला लागल्यामुळे. १९७८ मध्ये अकॅडमीची करसवलत गेली, १९८६ मध्ये तिथे पहिली काळी मुलं घेतली, १९९३ मध्ये फुक्वा नावाच्या उद्योगपतीच्या देणगीनंतर नाव बदलून फुक्वा स्कूल झालं.

जुनी १९३९ ची इमारत १९९५ पर्यंत प्राथमिक शाळा म्हणून वापरात होती. काउंटी ती विकणार होती, पण मार्था फॉरेस्टर यांच्या नावाच्या बायकांच्या मंडळाने ती वाचवली, १९९८ मध्ये राष्ट्रीय वारसा दर्जा, २३ एप्रिल २००१ ला म्युझियम. बार्बराचा पुतळा २००८ पासून रिचमंडच्या कॅपिटॉलच्या आवारात आहे. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमधून व्हर्जिनियाने २०२० मध्ये जनरल ली यांचा, म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरीवाल्या दक्षिणेकडून लढलेल्या सेनापतीचा पुतळा काढला, आणि त्या जागेसाठी निवड झाली तीही बार्बराचीच.

नुकसानभरपाईचं म्हणाल तर २००३ मध्ये शाळा हुकलेल्यांना मानद डिप्लोमा दिले, तोवर ती मुलं पन्नाशी-साठीत. २००४ मध्ये राज्याने ब्राऊन स्कॉलरशिप सुरू केली, दहा लाख डॉलर राज्याचे आणि तेवढेच जॉन क्लूगी या उद्योगपतीचे, शाळा बंद पडल्याने ज्यांचं शिक्षण थांबलं त्यांच्यासाठी. कॉलेजबरोबरच हायस्कूलच्या समकक्ष परीक्षेची तयारीही त्यात बसते, आणि हे कोणीतरी विचार करून घातलं असणार, कारण यातल्या अनेकांना कॉलेजच्या आधी तेच हवं होतं. पंचेचाळीस वर्षांनी आलेले ते पैसे घ्यायला सगळे जण अर्थातच उरले नव्हते.